धावायचे बूट: नख काळं, गुडघा कुरकुरतोय, दुकानं तीन आणि सल्ले चार

उशिरा_सुरुवात

नमस्कार मंडळी. बेचाळिशीत पळायला लागले, त्याला सात महिने झाले. आठवड्यातून तीन दिवस पाच-सहा किलोमीटर आणि रविवारी दहाच्या आसपास. अर्धमॅरेथॉन, म्हणजे २१.१ किलोमीटर, करायचं मनात आहे. घरी अजून कोणाला सांगितलेलं नाही, इथेच पहिल्यांदा सांगतेय.

पहिले बूट घेतले ते रंग बघून. नंबर तोच, जो रोजच्या बुटांचा. दुकानात दोन पावलं टाकली, घट्ट छान बसले, घेतले. आता डाव्या अंगठ्याचं नख जांभळं-काळं झालंय, सात-आठ किलोमीटरनंतर बोटं बधिर होतात आणि उतार आला की उजवा गुडघा बाहेरच्या बाजूने कुरकुरतो.

नवे बूट बघायला निघाले आणि डोक्याचा भुगा झाला. पहिल्या दुकानात ट्रेडमिलवर पळवलं, मागून व्हिडिओ काढला, स्क्रीनवर माझ्या घोट्यावर लाल रेघ मारली आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "मॅडम, तुमचे पाय आत कलतात. कमानीला आधार देणारा स्टॅबिलिटी बूट नाही घेतलात तर गुडघे जातील." दुसऱ्या दुकानात म्हणाले, तसलं काही मनावर घेऊ नका, भरपूर गादीवाला घ्या. तिसऱ्यात कार्बन प्लेटचा बूट पुढे केला, "सगळे हाच नेतात." घरी आले तर भाचा म्हणतो, झीरो ड्रॉप घे.

ड्रॉप, स्टॅक, प्रोनेशन... मला पळायचंय हो, बूट बनवायचे नाहीयेत. सुरुवात कुठून करू?

गप्प_वाचक

वाचतोय. नखं माझीही काळी आहेत. दोन्ही पायांची.

चवडेबहाद्दर

धागा चांगला काढलात. माझं मत सरळ आहे: जितका कमी बूट तितकं बरं. लाखो वर्षं माणूस गादीशिवाय पळत आला. जाड टाचेचा बूट घातला की आपण टाच आपटत पळायला लागतो. अनवाणी आपटून बघा, दुसऱ्या पावलाला अक्कल येते. २०१० साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांच्या गटाने हेच मोजून दाखवलं. लहानपणापासून अनवाणी पळणारे बहुतेक चवड्यावर किंवा पूर्ण तळव्यावर उतरतात आणि टाचेवर उतरताना बसणारा तो सुरुवातीचा फटका त्यांच्यात जवळजवळ दिसत नाही.

आणि इथिओपियाचा अबेबे बिकिला विसरू नका. रोम, १९६०, ऑलिम्पिक मॅरेथॉन, अनवाणी, सुवर्णपदक. तुमचा भाचा बरोबर बोलतोय.

तिसरी_फेरी

बिकिला आला का? येणारच. बुटांच्या गप्पा त्याच्याशिवाय पुऱ्या होत नाहीत.

बाळा, पुढचं पानही वाच. १९६४ ला टोकियोत तोच बिकिला बूट घालून पळाला आणि परत जिंकला. रोमला अनवाणी २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, टोकियोला बुटांसह २ तास १२ मिनिटं ११ सेकंद. दोन्ही वेळा विश्वविक्रम. म्हणजे बुटांमुळे वेग वाढला असं नाही म्हणत मी, पण गोष्ट अर्धी सांगू नये. रोमला तो अनवाणी उतरला त्याचंही कारण असं सांगतात की मिळालेले नवे बूट त्याच्या पायाला नीट बसेनात. धाग्याचा विषय तोच आहे ना, पायाला न बसणारा बूट?

मी साठी ओलांडलेला माणूस आहे, तीस वर्षं पळतोय. सवडीने लिहितो.

लेसवाला

ताई, बारा वर्षं बुटांच्या दुकानात लोकांच्या पायाशी बसून काढली आहेत. आता तो धंदा सोडला, त्यामुळे काही विकायचं नाहीये.

ड्रॉप, स्टॅक, प्रोनेशन सगळं तूर्त बाजूला ठेवा. आज एकच काम करा. जुन्या डाव्या बुटातलं इनसोल, म्हणजे पायाखालची सुटी गादी, बाहेर काढा. टाचेकडून ओढलं की निघतं, चिकटवलेलं असेल तर कडेने हळूहळू सोडवा. खिडकीपाशी उजेडात धरा. सात महिने पळल्यावर त्यावर पायाचा ठसा उमटलेला असणारच. अंगठ्याचा ठसा पुढच्या कडेपासून किती आत आहे ते बघा. करंगळीचा कुठे आहे तेही बघा. उजव्याचंही तसंच. मग इथे लिहा, पुढचं बोलू.

पायरीपायरी

माझा प्रश्न घुसडतोय, माफी. माझ्या बुटांची टाच कायम बाहेरच्या बाजूने झिजते. म्हणजे माझा पाय बाहेर कलतो ना? उलटा आजार?

घोटा_गुडघा

पायरीपायरी, नाही. टाचेवर उतरणाऱ्या बहुतेकांचा पाय बाहेरच्या कडेवरच आधी टेकतो, म्हणून तिथलं रबर आधी झिजतं. त्यावरून पाय कुठे कलतो ते ठरत नाही. झीज एका पायाची भलतीच वेगळी दिसली तर मात्र कोणाला तरी दाखवा.

धागाकर्तीसाठी संध्याकाळी लिहिते. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सध्या पेशंट बसलेत.

उशिरा_सुरुवात

लेसवाला, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत.

इनसोल काढलं. उजव्यावर अंगठ्याचा गोल ठसा आहे आणि त्याच्यापुढे जेमतेम नखभर जागा. डाव्यावर तेवढीही नाही. ठसा पूर्ण उमटलेलाच नाही, अर्धाच आहे, उरलेला कडेबाहेर. पुढची कड तिथे दबून चकचकीत झालीय आणि वरचं कापड विरलंय. करंगळीचा ठसा तर इनसोलवर नाहीच! करंगळी सात महिने बाजूच्या भिंतीवर चढून बसलेली असणार.

डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे हे मला बेचाळीस वर्षांत माहीत नव्हतं. मुख्य म्हणजे हे बूट मला "छान घट्ट" वाटले होते.

लेसवाला

"छान घट्ट" हे शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा यायचा. रोजच्या बुटात पाय फारसा हलत नाही. पळताना प्रत्येक पावलाला तो थोडा पुढे सरकतो, उतारावर जास्त. शिवाय तासाभरात पाय सुजतो. पुढे जागा नसेल तर अंगठा बुटाला टोचत राहतो. दहा किलोमीटरमध्ये एका पायाची पाच-सहा हजार पावलं होतात. नख काळं पडेल नाहीतर काय होईल?

आता मोजमाप. भिंतीला टाच लावून कागदावर उभ्या राहा. उभ्याच, बसून नाही. अंगाचं वजन पडलं की पाय लांब-रुंद होतो. सर्वांत पुढे आलेल्या बोटापाशी खूण करा. काहींचं अंगठ्यापेक्षा शेजारचं बोट लांब असतं, मग तेच धरायचं. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्या पायाचा बूट घ्या. हे काम संध्याकाळी करायचं, सकाळी पाय आखडलेला असतो.

बुटात उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, साधारण एक सेंटिमीटर किंवा किंचित जास्त. टाच मात्र उचलली जाता कामा नये आणि मधला भाग पायाला मिठी मारल्यासारखा बसायला हवा. पुढे मोकळा, मागे धरलेला, असा.

नंबराच्या भानगडी. ब्रिटिश मापात एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, साडेआठ मिलिमीटरच्या जवळपास. युरोपियन मापात एक नंबर म्हणजे सेंटिमीटरचा दोन तृतीयांश, साडेसहाच्या थोडा वर. त्यामुळे एकाचं दुसऱ्यात रूपांतर कधीच नीट जुळत नाही, कोष्टकं अंदाजे असतात. बुटाच्या जिभेमागे लेबल असतं, त्यावर बहुधा सेंटिमीटरही लिहिलेले असतात. तुलना करायची तर त्यांची करा. आणि तोही शेवटचा शब्द नाही, कारण प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. साच्याला आमच्यात लास्ट म्हणतात. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचा लास्टही वेगळा असू शकतो.

तुमचा खरा घोळ रुंदीचा आहे असं मला वाटतं. करंगळी भिंतीवर चढली, ही रुंदी कमी पडल्याची खूण. बहुतेक लोक रुंदी हवी म्हणून लांबी वाढवतात, मग टाच सुटते आणि मागे फोड येतात. काही मॉडेलं रुंद मापात मिळतात, खोक्यावर अक्षर असतं. बायकांच्या बुटात 'बी' म्हणजे नेहमीची रुंदी आणि 'डी' म्हणजे रुंद. पुरुषांच्या बुटात 'डी' हीच नेहमीची आणि '२ई' रुंद. यातली मेख लक्षात आली का? बायकांच्यात रुंद माप मिळालं नाही तर पुरुषांचा बूट घालून बघायला काहीच हरकत नाही. अमेरिकन नंबर साधारण दीडने कमी धरायचा. कित्येक बायकांना असे बूट दिलेत मी. रंग बघून नाक मुरडायच्या, पळून आल्या की हसायच्या.

आणि "वापरून सैल होतील" यावर विश्वास ठेवू नका. चामडं सैल होतं. पळायच्या बुटांच्या वरची जाळी होत नाही.

गप्प_वाचक

बायकोला इनसोल काढताना दिसलो. काय करतोयस विचारलं. उत्तर देता आलं नाही.

घोटा_गुडघा

आले. प्रोनेशनबद्दल बोलू, कारण त्या लाल रेघेने बऱ्याच जणांना घाबरवलंय.

पाय जमिनीवर टेकला की कमान थोडी खाली बसते आणि घोटा किंचित आत वळतो. हेच प्रोनेशन. आजार नाही, धक्का जिरवायची शरीराची पद्धत आहे. प्रत्येकात ते कमी-जास्त असतं. दोन मिनिटं ट्रेडमिलवर, अनोळखी बूट घालून, कॅमेरा मागे लावून पळताना काढलेल्या रेघेवरून "गुडघे जातील" असं सांगणं माझ्या मते आगाऊपणा आहे.

पूर्वी आम्हालाही हेच शिकवायचे: सपाट कमान असेल तर मोशन कंट्रोल (पाय आत कलू न देणारा कडक बूट), मध्यम असेल तर स्टॅबिलिटी, उंच असेल तर गादीवाला. अमेरिकन सैन्याच्या भरतीच्या तुकड्यांवर हे तपासलं गेलं. भूदल, हवाईदल आणि मरीन, तिन्हीकडे. काहींना कमानीच्या आकारानुसार बूट दिले, बाकीच्यांना सरसकट एकच प्रकार. दुखापतींमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दुसरी बाजूही सांगते. लक्झेंबर्गमध्ये ३७२ हौशी धावपटूंवर सहा महिने चाचणी झाली, ती २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ज्यांचे पाय खरोखर आत कलणारे होते त्यांना मोशन कंट्रोल बुटांचा फायदा दिसला. म्हणजे असे बूट थोतांड नाहीत, पण ते सगळ्यांच्या गळ्यात मारायचे नाहीत.

मग निवडायचं कशावरून? कॅनडातल्या कॅलगरीच्या बेन्नो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली एक कल्पना मांडली, तिला कम्फर्ट फिल्टर म्हणतात. सोप्या भाषेत: चार-पाच जोड घालून पळा आणि जो पायाला सर्वांत सुखाचा वाटेल तो घ्या. तुमचं शरीर ज्या पद्धतीने हलू पाहतंय तिला जो बूट आडवा येत नाही, तोच सुखाचा वाटतो. ऐकायला फारच साधं वाटतं, पण पेशंटना हे पटवताना माझा घाम निघतो. लोकांना मशीनने सांगितलेलं हवं असतं.

तुमच्या गुडघ्याबद्दल: उतारावर बाहेरच्या बाजूने दुखण्याची कारणं बरीच आहेत आणि न बघता मी काही सांगणार नाही. दोन आठवड्यांत कमी झालं नाही किंवा चालताना, जिने उतरताना दुखायला लागलं तर प्रत्यक्ष दाखवा. सगळं बुटावर ढकलू नका. सात महिन्यांत शून्यावरून दहा किलोमीटरवर गेलात, मांडीच्या आणि कमरेच्या स्नायूंनाही विचारा त्यांना काय वाटतंय.

चवडेबहाद्दर

मान्य, पण ड्रॉपचं काय? टाच उंच असली की गुडघ्यावर ताण येतो हे तरी खरं ना?

घोटा_गुडघा

अर्धं खरं. ड्रॉप म्हणजे चवड्याखालच्या जाडीपेक्षा टाचेखालची जाडी किती मिलिमीटर जास्त आहे ते. नेहमीच्या बुटात ८ ते १२, कमीवाल्यात ४ पर्यंत, झीरोत सपाट. ड्रॉप कमी केला की गुडघ्यावरचा भार थोडा उतरतो, हे बरोबर. पण तो हवेत विरत नाही, खाली जातो, पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर. ज्यांना ती शीर दुखवून बसायची सवय आहे त्यांनी झीरोच्या वाटेला जाऊ नये.

तुम्ही स्वतः झीरोवर किती दिवसांत गेलात?

चवडेबहाद्दर

...एका आठवड्यात.

घोटा_गुडघा

आणि?

चवडेबहाद्दर

दीड महिना पोटऱ्या धरून बसलो होतो. जिना उलटा उतरायचो. पण आता मस्त आहे!

तिसरी_फेरी

हा हा. हे पहिल्या प्रतिसादात लिहायला हवं होतंस रे.

फोमशास्त्र

पॉलिमरमध्ये काम करतो म्हणून मधल्या थराबद्दल लिहितो. बुटाची खरी करामत मिडसोलमध्ये असते, बाकी सगळं पॅकिंग.

बरीच वर्षं सगळीकडे ईव्हीए फोम होता. हलका, सोपा, पण हळूहळू दबत जातो. २०१३ साली आदिदासने बूस्ट आणला, टीपीयू नावाच्या लवचीक प्लास्टिकचे फुगवलेले मणी एकमेकांना चिकटवून. उसळी चांगली, टिकाऊ, पण जड. मग २०१७ साली नायकीचा व्हेपरफ्लाय आला. पीबा जातीचा फोम आणि आत वाकवलेली कार्बन प्लेट. हा फोम दाबल्यावर शोषलेली ऊर्जा मोठ्या प्रमाणात परत देतो. लोकांना वाटतं प्लेट स्प्रिंगसारखी उडवते, पण मुख्य काम फोमचं. प्लेट त्याला कणा देते आणि बोटांचं वाकणं कमी करते.

तो सुप्रसिद्ध ४ टक्क्यांचा आकडा कुठून आला ते बघा. १८ वेगवान धावपटू, ताशी १४, १६ आणि १८ किलोमीटर वेग, आणि सरासरी ४ टक्के कमी ऊर्जा लागली. ऊर्जा कमी लागली, वेळ ४ टक्के कमी झाली नाही. धागाकर्ती, तुमचा वेग ताशी आठच्या आसपास असेल असं धरतो. त्या वेगाला फायदा बराच कमी आणि माणसागणिक वेगळा. उलट तो उंच, मऊ, डगमगणारा थर हळू पळताना घोट्याला कामाला लावतो. शर्यतीच्या दिवशी हौस म्हणून घाला, रोजच्या सरावाला नको.

स्टॅक म्हणजे पाय जमिनीपासून किती वर ते. वर्ल्ड ॲथलेटिक्सने २०२० साली रस्त्यावरच्या शर्यतींसाठी ४० मिलिमीटरची मर्यादा घातली, आणि आत एकच प्लेट. आपल्याला कोणी मोजपट्टी घेऊन थांबवणार नाही, पण त्यावरून अंदाज येतो की बूट किती उंच व्हायला लागले होते. वजनाचा हिशोब ढोबळ असा: प्रत्येक बुटात १०० ग्रॅम वाढले की पळायला साधारण १ टक्का जास्त ऊर्जा लागते. म्हणजे २० ग्रॅमसाठी जीव टाकू नका.

पायरीपायरी

फोम मरतो कधी? माझे बूट वरून नव्यासारखे दिसतात.

फोमशास्त्र

५०० ते ८०० किलोमीटर म्हणतात. तुमचं वजन, रस्ता, फोमची जात यावर आहे. शर्यतीचे हलके बूट आधी जातात. वरचं कापड काही सांगत नाही. मिडसोलच्या बाजूला आडव्या सुरकुत्या पडून त्या वजन काढल्यावरही तशाच राहिल्या, किंवा तळाचं रबर संपून फोम रस्त्याला लागायला लागला, तर समजा. आणि कृपा करून मशीनमध्ये धुऊ नका, हीटरसमोर किंवा कडक उन्हात वाळवू नका. डिंक सुटतो. वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, दर तासाने बदला.

तिसरी_फेरी

माझी पद्धत सांगतो. नवा जोड घरी आला की जिभेच्या आतल्या बाजूला बॉलपेनने तारीख लिहितो. वहीत किलोमीटर. चारशेच्या पुढे गेला की त्याच मॉडेलचा दुसरा जोड घेतो आणि दोन्ही आलटून पालटून वापरतो. एका पायात जुना, एका पायात नवा घालून अंगणात उभं राहायचं. जुना मेलाय का नाही ते त्याच क्षणी कळतं, एका बाजूला कलल्यासारखं वाटतं. कुठल्या यंत्राची गरज नाही.

यातही एक दुःख आहे. "त्याच मॉडेलचा" म्हणायला जावं तर कंपनी दर वर्ष-दोन वर्षांनी नाव तेच ठेवते, पुढे आकडा वाढवते आणि आतलं सगळं बदलते. माझा एक लाडका बूट असाच "सुधारला". नऊ जोड वापरले होते मी त्याचे. दहावा उघडला, पाय घातला, पुढून चिमटा! खोक्यावर लिहिलंय नवीन, अधिक आरामदायी. कोणाच्या आरामासाठी, देव जाणे. तेव्हापासून नाव बघून घरबसल्या मागवणं बंद. आकडा बदलला की पाय घालूनच घ्यायचा.

घोटा_गुडघा

काकांच्या दोन जोडांना थोडा आधारही आहे. २६४ धावपटूंवर २२ आठवडे नजर ठेवली होती. वेगवेगळे बूट आलटून पालटून वापरणाऱ्यांमध्ये दुखापतीचा धोका ३९ टक्के कमी दिसला. हे निरीक्षण आहे, पक्का पुरावा नाही, कदाचित असे लोक मुळातच जास्त काळजी घेणारे असतील. पण पटतं. दोन वेगळे बूट पायावर दोन वेगळ्या ठिकाणी भार टाकतात. त्यामुळे दोन जोड एकाच मॉडेलचे नसले तर जास्त बरं, काका.

तिसरी_फेरी

या वयात मला बदलू नका हो.

रानवाट

कच्च्या वाटेवर पळणाऱ्यांसाठी एवढंच: रस्त्याचे बूट चिखलात घसरतात. तळाला तीन ते पाच मिलिमीटरचे दात असलेले बूट घ्या. पण तेच डांबरी रस्त्यावर रोज वापरले तर दात भराभर झिजतात आणि पायाला टोचतात. वॉटरप्रूफ अस्तराचा मोह टाळा. पाणी वरून, घोट्यातून आत जातं आणि मग बाहेर यायला वाटच नसते. बादलीत पाय.

उशिरा_सुरुवात

किती लिहिलंत सगळ्यांनी! प्रिंट काढून ठेवलीय. बोटं बधिर होण्याचं राहिलं. तेही अरुंद बुटामुळेच का?

लेसवाला

बरेचदा हो, पण लेसही बघा. वरून करकचून आवळली की पायाच्या पाठीवरच्या शिरा दाबल्या जातात आणि बोटांत मुंग्या येतात. टाच सुटते म्हणून लोक सगळीच लेस आवळतात. गरज फक्त वरच्या टोकाला असते.

बुटाला सर्वांत वर, जरा मागे सरकलेलं एक जादा भोक असतं. बहुतेकांनी आयुष्यात कधी वापरलेलं नसतं. नेहमीसारखी लेस शेवटून दुसऱ्या भोकापर्यंत आणा. मग आडवी न नेता त्याच बाजूच्या जादा भोकात बाहेरून आत घाला, पूर्ण ओढू नका, छोटा फासा राहू द्या. दुसऱ्या बाजूलाही तसंच. आता डावं टोक उजव्या फाशातून आणि उजवं डाव्या फाशातून काढा. आधी खाली, टाचेच्या दिशेने ओढा, फासे आवळतील, मग वर घेऊन गाठ मारा. टाच जागच्या जागी बसते आणि खालची लेस ढिली ठेवता येते. पाठीवर एखाद्या ठिकाणी हाड दुखत असेल तर तिथली फुली गाळायची, लेस सरळ वर न्यायची.

दुकानात हे करूनच पळून बघा. मोजे तुमचे न्या, पळताना घालता तेच, आणि सुती नकोत. सुती मोजा घाम धरून ठेवतो, ओला होतो, घासतो, फोड आणतो. जुनं इनसोलही न्या. नव्या बुटातलं इनसोल काढून त्यावर उभ्या राहा, पाय चारी बाजूंनी आत मावतोय का बघा. दुकानदाराने डोळे वटारले तर वटारू द्या.

उशिरा_सुरुवात

(तीन आठवड्यांनी) मंडळी, अहवाल.

संध्याकाळी सहाला गेले. पिशवीत माझे मोजे आणि ती दोन विटकी इनसोलं. चौथंच दुकान निवडलं. तिथल्या मुलीने इनसोलं बघितली, काही न बोलता आत गेली आणि पाच खोकी घेऊन आली. प्रत्येक जोड घालून दुकानाच्या बोळात पाच-सहा फेऱ्या पळले. पहिल्या दोन फेऱ्यांत लाज वाटली, नंतर नाही.

स्टॅबिलिटीचा बूट कमानीखाली कोणी खडा ठेवल्यासारखा लागला, तो गेला. खूप गादीवाला आधी स्वर्ग वाटला, पण वळताना घोटा हलला. झीरो ड्रॉपही घालून बघितला, भाच्याचं मन राखायला. पोटरीने लगेच निषेध नोंदवला. चौथ्याची टाच सुटत होती. पाचवा घातला आणि पळताना बुटाचा विचारच आला नाही. तोच घेतला. आधीच्यापेक्षा एक नंबर मोठा, रुंद माप, ८ मिलिमीटर ड्रॉप, कुठलीही प्लेट नाही. रंग ओल्या सिमेंटचा. पुरुषांचाच आहे, लेसवाला, तुमच्या त्या बायकांसारखं मीही आधी नाक मुरडलं.

आतापर्यंत ६० किलोमीटर झाले. बधिरपणा पहिल्याच दिवशी गेला. गुडघा एकदा उतारावर बोलला, मग मी फिजिओकडे गेले. कमरेचे व्यायाम दिलेत, कंटाळवाणे आहेत, करतेय. काका, जिभेवर तारीख लिहिली. आणि डावं नख काल मोज्यात निघून आलं. खाली इवलंसं नवं आलेलं आहे.

लेसवाला

ओल्या सिमेंटचा! त्या रंगाचे सगळ्यांत जास्त जोड मी विकलेत.

चवडेबहाद्दर

मावशी, मी आहे. "भाच्याचं मन राखायला" वाचून उरलीसुरली शंका फिटली. अर्धमॅरेथॉन कधीची आहे? आईला सांगू का?

उशिरा_सुरुवात

खबरदार. आणि दीड महिना जिना उलटा उतरत होतास तेव्हा आम्हाला सायकलवरून पडलो म्हणून सांगितलं होतंस ते?

गप्प_वाचक

माझी दोन्ही इनसोलं खिडकीपाशी ठेवलीयत. उद्या संध्याकाळी सहाला निघतोय.